जुनं म्हणजे कुणाचं

ऑरलीन मेटकाफ शेवटचं कडवं गात नसे.

‘साकवावरचा कंदील’ हे तिचं एकच गाणं जगाला ठाऊक होतं आणि नेमकं तेच ती अर्धवट सोडायची. गाण्यातली पोरगी पुराच्या दिवसांत साकवावर कंदील टांगते, पलीकडून येणाऱ्या माणसाला वाट दिसावी म्हणून. कुणीतरी तो कंदील काढून नेतं. माणूस अंधारात पाऊल टाकतो आणि गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत त्याची टोपी धरणाच्या भिंतीला लागलेली असते. कंदील कुणी नेला, ते शेवटच्या कडव्यात. तिथवर आलं की ऑरलीन बँजोच्या तारांवर पंजा ठेवायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि म्हणायची, “पुढचं घरी ठेवलंय.” लोक हसायचे, टाळ्या पिटायचे. त्यांना वाटायचं, बाई रंगात आली. बाई रंगात वगैरे काही आलेली नसायची. दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाच्या खिशात काय फुगलंय, ते ती बघत असायची.

संशय हा तिचा धंद्यातला भागीदारच म्हणा ना. बँजो जुळवताना ती लोकांकडे पाठ करायची, खुंट्या किती पिळल्या ते कुणाला कळू नये म्हणून. गाणी कागदावर उतरवायची नाही. गाडीला कुलूप लावून निघाली की अर्ध्या वाटेवरून परत येऊन कडी ओढून बघायची. एक नवराही करून पाहिला तिनं. डेलमार त्याचं नाव, गिटार वाजवायचा, स्वभावानं गरीब. एका सकाळी दाढी करता करता तो तिची नवी चाल गुणगुणला.

“काय गुणगुणतोयस?”

“तुझंच की गं. गोड आहे.”

“आज गुणगुणतोयस, उद्या विकशील.”

“ऑरलीन, तोंडाला फेस आहे माझ्या!”

फेसासकट त्याला बाहेर काढलं असं लोक सांगतात. ते खोटं असावं, पण त्या महिन्यात तो टेनेसीत आपल्या भावाकडे राहायला गेला हे खरं. पुढं तिनं लग्नाचं नाव काढलं नाही. एकटी बाई, जुनी गाडी, मागं बँजो आणि उशी. कॉफीची दुकानं, शेतकऱ्यांचे मेळावे, कॉलेजातली सभागृहं, चर्चची तळघरं. मधल्या काळात तिच्या गाण्यांना लोकांनी नावंही भारी भारी दिली. आधी म्हणाले डोंगरी, मग लोकसंगीत, मग कंट्री, आणि आता म्हणतात अमेरिकाना. ऑरलीनला त्याचाही संशय यायचा. “एकाच कोंबडीला दर साली नवं नाव कोण ठेवतं? ज्याला ती दुसऱ्याच्या अंगणातून उचलायची असते, तो,” असं ती मंचावरूनच बोलायची.

तर मूळ दुखणं असं. स्पाइसवुडच्या खोऱ्यात, कॅरोलायनाच्या डोंगरांत, तिची झेल्फिया आजी गाण्यांची खाण होती. तिथं गाणं शिकायचं ते गुडघ्याला गुडघा लावून. ओसरीवर समोरासमोर बसायचं, मांडीवर शेंगांचं टोपलं, आजी एक कडवं म्हणणार, पोरीनं ते परत म्हणायचं, चुकलं की गुडघ्यावर टपली. त्या सगळ्या गाण्यांना आजी ‘प्रेमगीतं’ म्हणायची, मग त्यात एक गळा चिरलेला असो की दोन. ऑरलीन आणि तिची मोठी बहीण विल्मा, दोघी अशाच शिकल्या. विल्मा पुढं चर्चच्या गाण्यात रमली. ऑरलीन खालच्या गावात मोज्यांच्या गिरणीत लागली, आठवडाभर तिथंच राहायची, शनिवारी वर यायची. यंत्रांच्या खडखडाटात तिला पहिल्यांदा स्वतःचं गाणं सुचलं. ते हेच, साकवावरचं.

आता हे कुणाला सांगायची सोय नव्हती. खोऱ्यात माणसं चारा कापत, तंबाखू लावत, पोरं काढत. गाणी करत नसत. गाणी असायची. ‘हे मी केलं’ असं म्हणणारी पोर म्हणजे आईबापांच्या वर जाऊन बसलेली पोर. तिच्याशी मग विहिरीवरही कुणी धड बोललं नसतं. म्हणून ऑरलीन ते गाणं आजीच्या गाण्यांमध्येच मिसळून म्हणायची, गुपचूप.

एका उन्हाळ्यात प्रुइट नावाचा विद्यापीठातला माणूस रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन खोऱ्यात आला. पांढरा सदरा, घामानं चिकटलेला, बोलायला अदबशीर. आजीच्या ओसरीवर बसून त्यानं दोन्ही बहिणींची गाणी घेतली. ‘कंदील’ही घेतलं. शेवटचं कडवं तेवढं राहिलं, कारण आजीनं आतून जेवायला हाक मारली आणि आजीवर दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ कुणी येऊ देत नसे.

पुढं काय झालं? व्हायचं तेच झालं. गिरणीच्या खानावळीत रेडिओवर दोन शहरी पोरं गोड गळ्यानं ‘साकवावरचा कंदील’ गाऊ लागली. ऑरलीनच्या हातातला मक्याचा पाव तसाच राहिला. तबकडीवर छापलं होतं, ‘डोंगरातलं जुनं गाणं’. ती बस पकडून थेट शहरात त्या कंपनीच्या कचेरीत गेली. तिथला माणूस काही वाईट नव्हता. त्यानं फाईल बघितली आणि म्हणाला, “बाई, हे जुनं गाणं आहे असं तुमच्याच घरच्यांनी सांगितलंय. आम्ही दोनदा विचारून घेतलंय.”

घरच्यांनी! ऑरलीनच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आजी तर बहिरी झालेली. घरचं म्हणजे दुसरं कोण? विल्मा. ऑरलीन गिरणीत असताना प्रुइट पुन्हा एकदा वर आला होता, हे तिला शेजारणीनं सांगितलं होतं. विल्मानं त्याला ओसरीवर बसवून सफरचंदाचा ‘पाय’, भट्टीत भाजलेला तो गोड पदार्थ, खाऊ घातला म्हणे, आणि बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होते. आणि त्याच हिवाळ्यात विल्माच्या अंगावर हिरवा कोट आला, लोकरीचा, मोठ्या बटणांचा. असला कोट खोऱ्यात कुणाकडेच नव्हता. ऑरलीननं हिशोब जुळवला आणि तो पक्का धरून ठेवला.

विचारलं मात्र नाही. विचारायचं कशाला, बाई खोटंच बोलणार, असा तिचा विचार.

तेव्हापासून जगातले गवई शेवट नसलेलं गाणं गात राहिले. कॉलेजात एकदा एक प्राध्यापक त्यावर तासभर बोलले. शेवट न सांगण्यातच त्या अनाम कवीचा संयम आहे, म्हणाले. मागच्या रांगेतून ऑरलीन उठली. “संयम कसला डोंबलाचा! शेंगा शिजल्या होत्या म्हणून राहिलं ते!” सगळे हसले आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. ती जिथं जाईल तिथं सांगायची, गाणं माझं आहे, चोरलंय. लोक आपुलकीनं माना हलवायचे. प्रत्येक म्हाताऱ्या गाणाऱ्या बाईची अशी एक गोष्ट असते, असं त्यांना वाटायचं. ते शेवटचं कडवं, जे प्रुइटच्या यंत्रात गेलं नाही, तेवढंच काय ते तिच्या ताब्यात राहिलं होतं. मग ते ती कशाला सोडते!

सत्तरी उलटली आणि गळ्यानं दगा दिला. आधी वरचे सूर गेले, मग मधलेही घासू लागले. डॉक्टरीण म्हणाली, आता गाणं बंद. ऑरलीन घरी येऊन खाटेवर बसून राहिली. आता दोनच वाटा होत्या. कडवं कुणाला तरी द्यायचं, नाहीतर बरोबर घेऊन मातीत जायचं. आणि घ्यायला एकच गळा होता लायकीचा, तो विल्माच्या घरात. विल्माची मुलगी लेटी शाळेची बस चालवायची आणि आठवड्याच्या शेवटी गायची. ऑरलीननं तिला चोरून ऐकलं होतं, दाराआड उभं राहून. पोरीचा आवाज ऐकून तिला रडू आलं होतं, आणि रडू आलं म्हणून रागही आला होता.

मे महिन्यात कबरी सजवायचा रविवार असतो. त्या दिवशी सगळं खोरं टेकडीवरच्या कबरस्तानात जमतं. गवत खुरपायचं, मातीचे ढीग सारखे करायचे, फुलं ठेवायची आणि मग झाडाखाली लांब फळ्या टाकून जेवण. दोघी बहिणी आईबापांच्या कबरीवर दरवर्षी येत. एक डोक्याकडून फुलं ठेवी, एक पायांकडून. एकमेकींशी बोलणं लेटीच्या मार्फत.

“लेटी, तुझ्या मावशीला म्हणावं, तिनं आणलेलं बटाट्याचं सॅलड उन्हात ठेवलंय.”

“लेटी, तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत.”

“डोळे आहेत, पण ते नेहमी दुसऱ्याच्या ताटात असतात, असं सांग.”

“तुम्ही दोघी तीन हातांवर बसलाय,” लेटी म्हणाली. “मी मधे टेलिफोनची तार आहे का?”

त्या वर्षी जेवणं झाल्यावर लेटी मावशीजवळ आली. हातात थरांच्या केकची बशी. सरळच बोलली, “मावशी, ते कडवं मला शिकव.”

ऑरलीननं डोळे बारीक केले. “कुणी पाठवलं तुला?”

“कुणी पाठवायला मी काय पार्सल आहे?”

“आईनं?”

“आईनं तर सांगितलं, जाऊ नकोस, ती तुला चोर म्हणेल.”

विल्मा असं का म्हणाली असेल? लेकीला अडवून तिची हौस वाढवायची, असा डाव असेल का? पण गळा तर दिवसेंदिवस बसत चाललाय. लेटीचा तरुण, भरलेला चेहरा समोर. केकसुद्धा तिनं सुक्या सफरचंदांचा आणला होता, मावशीला आवडतो तो.

“फोन दे इकडं,” ऑरलीन म्हणाली.

लेटीनं दिला. ऑरलीननं तो बंद केला, रुमालात गुंडाळला आणि शेंगांच्या रिकाम्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं. मग लेटीच्या एप्रनचे खिसे चाचपले. एक कंगवा निघाला आणि पेपरमिंटच्या गोळ्या.

“झडती झाली? आता बूट काढू का?”

“आगाऊपणा नको. समोर बस. गुडघे लाव.”

दोघी ओकच्या झाडाखाली दुमडत्या खुर्च्यांवर समोरासमोर बसल्या. विल्मा थोड्या अंतरावर गुडघ्यांवर बसून आजीच्या कबरीवरचं गवत उपटत होती. पाठ इकडं. बरोब्बर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर बसलीय, ऑरलीनच्या मनात आलं. तिनं आवाज आणखी खाली आणला. तसाही तो आता वर जात नव्हता.

आधीची कडवी लेटीला येत होतीच. शेवटचं आलं. आता खरं सांगायचं तर या कडव्यात ऑरलीननं एक फेरफार केला होता. गाणं प्रथम केलं तेव्हा कंदील काढला होता पोरीच्या भावानं. हिरवा कोट पाहिल्यानंतर त्या हिवाळ्यात तिनं तो शब्द बदलला, तिथं बहीण घातली आणि तेव्हापासून मनातल्या मनात ती तसंच म्हणत आली. त्या एका शब्दावर तिनं इतकी वर्षं काढली होती.

“नदी उतरली, चिखल वाळला, पायठसा एक राहिला,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

लेटीनं परत म्हटलं. अचूक.

“काढून नेला कंदील माझा, माझ्याच सख्ख्या…”

पुढचा शब्द येईना. समोर लेटीचे डोळे होते, आणि ते थेट विल्माचे डोळे होते, सोळा वर्षांच्या विल्माचे, शेंगा सोलताना वर बघणारे. ऑरलीननं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच अडली.

आणि मागून ओळ आली.

त्यांच्या चर्चमध्ये वाद्यं नाहीत की पुस्तकं नाहीत. एक जण ओळ भरभर सांगतो आणि मग सगळी मंडळी ती लांबवून म्हणतात. ओळ सांगायचं काम पुरुषांचं. विल्मानं जन्मात कधी सांगितली नव्हती. आता गवत उपटता उपटता, मानसुद्धा न वळवता, तिनं ती सांगितली, चर्चमधल्यासारखीच, सपाट आणि स्पष्ट: “काढून नेला कंदील माझा, माझ्याच सख्ख्या भावानं.”

ऑरलीन ताडकन उठली. खुर्ची मागं पडली. “ऐकलंस? ऐकलंस, लेटी? येतंय तिला! म्हटलं नव्हतं मी? चोरटी! पन्नास वर्षं जवळ ठेवलंय हिनं!”

फळ्यांपाशी बसलेली माणसं वळून बघायला लागली. विल्मा सावकाश उठली, गुडघ्यांवरची माती झटकली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती कुणालाही मधे न घेता बहिणीशी बोलली.

“येतंय. तू दूध काढायला बसलीस की गोठ्यात म्हणायचीस. तुला वाटायचं गाईशिवाय कुणी ऐकत नाही. भिंतीला फट होती आपल्या.”

“मग त्या प्रुइटला दिलंस!”

“हे कडवं दिलं का त्याला? सांग की. आहे का त्यांच्या तबकडीत?”

नव्हतं. जगात कुठंच नव्हतं. जी बाई गाणं विकायला बसली होती, तिच्याजवळ ते अख्खं होतं, आणि तिनं ते तोडून का विकावं?

“पण तू त्याला सांगितलंस. जुनं आहे म्हणून. कचेरीत मला तोंडावर म्हणाले, घरच्यांनी सांगितलं.”

“तू सांगितलंस,” विल्मा म्हणाली.

“मी?”

“ओसरीवर, जेवणं झाल्यावर. त्यानं विचारलं, हे गाणं कुणी केलं. आजी बसलेली, पाद्रीबुवा बसलेले, शेजारची सगळी पायरीवर. तू लाल झालीस आणि म्हणालीस, आमच्या आजीचं आहे, जुनं आहे. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघितलंस.”

ऑरलीनला ते आठवत नव्हतं. आठवणार कसं? घरी पाहुणा जेवायला आला की ‘काही नाही हो, साधंच केलंय’ म्हणतो आपण, ते कुणी लक्षात ठेवतं का? तसंच बोलली होती ती. खोऱ्यातली कुठलीही पोर तसंच बोलली असती.

“आणि मग तो परत आला,” विल्मा पुढं म्हणाली. “तू गिरणीत होतीस. मला म्हणाला, मला शंका आहे. एवढ्या जुन्या गाण्यात गिरणीचा भोंगा कुठून आला? हे तुमच्या बहिणीनंच केलंय, असं वाटतं. माणूस बरा होता तो. मी काय सांगायला हवं होतं? पाव्हण्यासमोर म्हणू, की माझी बहीण खोटारडी आहे? मी म्हटलं, माझी बहीण खोटं बोलत नाही. ती जुनं म्हणाली तर जुनं. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. मग तो सफरचंदाचा ‘पाय’ खाऊन गेला.”

“आणि तो कोट?”

“कुठला कोट?”

“हिरवा! मोठ्या बटणांचा!”

“तो? माझ्या नवऱ्याची, व्हर्जिलची, पहिली तंबाखू विकली गेली त्या साली. लग्नानंतरची पहिली वस्तू त्यानं मला घेतली होती. तू त्या कोटावर…?” विल्मानं हातातलं गवत खाली टाकलं. “तरीच. मी तो घालून तुझ्याकडं नाताळला आले होते, तुला दाखवायला. तू दार उघडलं नाहीस.”

ऑरलीन झाडाच्या बुंध्याला टेकली. तिला भयंकर लाज वाटत होती आणि लाजेच्या आत अजून एक बारीकसा संशय वळवळत होता, सवयीनं. “तेव्हाच का नाही बोललीस हे?”

“तू विचारलंस का कधी? आणि मला काय ठाऊक, जुनं म्हटलं की बाहेर ते कुणाचंच नसतं? आपल्यात जुनं म्हणजे आपलं. मी तर समजत होते, मी तुझी बाजू राखली.”

टेकडीच्या खालच्या अंगाला एका पोराला कुणीतरी रागावत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग लेटी हळूच म्हणाली, “आई, आता सांग ना मग. लोकांना सांग, मावशीनं केलंय म्हणून.”

“कुणाला सांगू? प्रुइट जाऊन वर्षं झाली. गाणारे ते दोघं पण गेले. कचेरी कुठं आहे आता? जुनं आहे असं सगळ्या जगाला पाठ झालंय. माझ्यासारख्या म्हातारीचं कोण ऐकतंय?”

“मला सांग,” ऑरलीन म्हणाली.

“काय?”

“मला सांग. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, एकानं मला परत सांगितलं नाही.”

विल्मा जवळ आली. हात मातीनं भरलेले, ते कुठं ठेवावेत तिला कळेना. शेवटी तिनं ते एप्रनला पुसले.

“ते गाणं तुझं आहे, ऑरलीन. तू केलंस. मी भिंतीपलीकडून ऐकलं, एकेक शब्द जुळवताना.”

ऑरलीननं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डोळे, ओठांचे कोपरे, कपाळ. माणसं खोटं बोलतात तेव्हा कुठं कुठं हलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यावरच तर तिचं आयुष्य गेलं होतं. तिनं सगळं तपासलं, पुन्हा तपासलं. काही सापडेना. आणि मग तिला इतकं मोठ्यानं रडू फुटलं की पाद्रीबुवा हातातला केक टाकून धावत आले.